प्रसाधनांची निवड आणि अहिंसेचा विवेक

लाखेच्या व्यापाराशी गोंदियाचे जुने नाते आहे. लाख हा सूक्ष्म कीटकांचा स्राव. शुद्ध केल्यावर तोच ‘शेलॅक’ या नावाने प्रसाधनांत वापरला जातो.

भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद आहे. परंतु चाचणी नाही म्हणजे प्राणिज घटक नाही, असे नव्हे. लिपस्टिकवरील ‘सी. आय. ७५४७०’ हा कोचिनील कीटकांपासूनचा लाल रंग. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतील मेण. स्क्वालेन शार्कच्या यकृतातून मिळते, तसेच ऑलिव्हमधूनही; नाव एकच, उगम भिन्न. ग्लिसरीनचेही तसेच.

म्हणून घटकनामे वाचावीत आणि उगम संदिग्ध असेल तेथे उत्पादकाकडून लेखी खुलासा मागवावा. घरातील गृहिणीइतकाच हा विवेक दुकानाच्या गादीवर बसणाऱ्यानेही जपावा. विक्रीतही अनुमोदना असतेच.