चिकूवरचं चिलट

बोईसरच्या आमच्या घरी घोलवडचे चिकू आले, की दोन दिवसांत टोपलीभोवती लाल डोळ्यांची चिलटं घिरट्या घालू लागतात. शास्त्रज्ञ त्यांना ड्रॉसोफिला म्हणतात. अतिपिकलेलं फळ आंबतं, त्यात अल्कोहोल तयार होतं. ते पचवणारं एन्झाइम या माशीपाशी असतं.

एन्झाइम म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. कोणता मणी कुठे ओवायचा, हे जनुकातले तीन अक्षरी शब्द, म्हणजे कोडॉन, सांगतात. शब्द ६४, त्यांतले ३ थांबण्याची खूण, उरलेले ६१ फक्त २० आम्लांसाठी. एकट्या ल्युसिनला ६ शब्द! मग कोणताही वापरला तर काय बिघडलं?

२००३ साली कार्लिनी आणि श्टेफान यांनी माशीच्या याच जनुकातले ल्युसिनचे काही नेहमीचे शब्द काढून क्वचित वापरातले घातले. अर्थ तोच, पण एन्झाइम कमी तयार झालं. अशा माश्यांना अल्कोहोलही कमी सोसतं, हे पुढच्या वर्षी दिसलं. नेहमीच्या शब्दांचे मणी आणून देणारे रेणू पेशीत मुबलक असतात, म्हणून काम झपाट्यानं होतं. आंबलेल्या फळावर जगणाऱ्या जिवाला एवढा फरकही महाग पडतो. म्हणून पिढ्यानपिढ्या सोयीचे शब्दच टिकले.

टोपलीवरची चिलटं मी आजही हाकलतो, पण जरा आदरानं!