पोर्ट डग्लस : सहलीपूर्वी माहीत हवे असे

स्थान : ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्याचा ईशान्य किनारा. जवळचे आंतरराष्ट्रीय विमानतळ केर्न्स. तेथून रस्त्याने सुमारे ६७ कि.मी.

वेळ : भारतापेक्षा साडेचार तास पुढे, वर्षभर तीच.

व्हिसा : भारतीय पासपोर्टधारकांना प्रवासापूर्वीच घ्यावा लागतो.

हंगाम : मे ते ऑक्टोबर कोरडा व सौम्य. साधारण डिसेंबर ते एप्रिल पावसाळा. याच काळात चक्रीवादळांची शक्यता.

दोन जागतिक वारसास्थळे : ग्रेट बॅरिअर रीफ (१९८१) आणि डेनट्री जंगलाचा समावेश असलेले क्वीन्सलँडचे आर्द्र उष्णकटिबंधीय क्षेत्र (१९८८).

डेनट्री : जगातील अतिप्राचीन वर्षावनांपैकी एक. ईस्टर्न कुकु यलंजी या मूळनिवासी समाजाची ही भूमी. २०२१मध्ये डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी त्यांना परत मिळाली.

केप ट्रिब्युलेशन : येथे वर्षावन थेट समुद्रकिनाऱ्याला भिडते. पोर्ट डग्लसहून जाताना डेनट्री नदी मोटारीसह फेरीबोटीने ओलांडावी लागते. या भूशिराच्या उत्तरेचा ब्लूमफील्ड मार्ग कच्चा. तेथे फोर-व्हील-ड्राइव्ह वाहन आवश्यक.

समुद्रस्नान : साधारण नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा धोका. संरक्षक जाळीच्या आतच व अंगभर पोशाखात पोहावे. बॉक्स जेलीफिशचा दंश झाल्यास त्यावर व्हिनेगर ओतून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

मगरी : खाऱ्या पाण्यातील मगरी नद्या, खाड्या व किनाऱ्यावरही आढळतात. इशाराफलक असलेल्या ठिकाणी पाण्यात उतरू नये.

कॅसोवरी : न उडणारा, मोठा पक्षी, पायाची नखे घातक. त्याला खाऊ घालण्यास कायद्याने बंदी आहे.