पांढरा चहा : रंग फिका, चव ओळखावी कशी?

प्रतिनिधी, भिवंडी

यंत्रमागांचा खडखडाट आणि कटिंग चहाची वाफ यांच्यावाचून भिवंडीचे चित्र पूर्ण होत नाही. बारा-बारा तासांच्या पाळीत मागावर उभ्या राहणाऱ्या कामगाराला लागणारा चहा दुधाळ, गोड आणि आल्याच्या तिखटपणाने घसा शेकणारा असतो. याच शहराच्या वेशीवर, मुंबई-नाशिक महामार्गाच्या परिसरात माणकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांत गोदामांचे जाळे पसरले आहे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून वाढलेली ही गोदामे, जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात गेल्यावरही टिकली, वाढली आणि ऑनलाइन विक्रीची मोठी केंद्रे बनली. महामुंबईतील घरांत किराण्याबरोबर आता येऊ लागलेली पांढऱ्या चहाची आणि नाना स्वादांच्या चहामिश्रणांची पाकिटेही अशाच गोदामांतून वाट काढतात.

या चहाच्या पन्नास ग्रॅमच्या डबीसाठी काही शे रुपये मोजावे लागतात. एवढे पैसे देऊन घरी आणलेला चहा पहिल्या घोटालाच ‘पाणचट’ ठरतो आणि डबी फडताळाच्या मागच्या बाजूला जाते, हा अनेक घरांतला अनुभव. दुसरीकडे, ‘पांढरा चहा’ म्हणून ज्याची चव आवडते ती प्रत्यक्षात त्यात मिसळलेल्या गुलाबाच्या किंवा पीचच्या अर्काची असते. दोन्ही वेळा नुकसान ग्राहकाचेच. पानाची चव कोणती आणि वरून घातलेल्या स्वादाची कोणती, हे वेगळे करता येणे म्हणजेच चहा चाखता येणे. ही विद्या अवघड नाही. मात्र तिची रीत समजून घ्यावी लागते.

पांढरा म्हणजे नेमका कोणता?

काळा, हिरवा, उलाँग आणि पांढरा हे सारे चहा ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच झुडपाचे. फरक पडतो तो खुडणीनंतरच्या प्रक्रियेत. काळ्या चहासाठी पान मळले जाते. त्यातील पेशी फुटतात, रसाचा हवेशी संयोग होतो आणि पान तांबूस-काळे पडते. हिरव्या चहात पानाला खुडल्यानंतर लवकरच उष्णता देऊन ही क्रिया रोखली जाते. पांढऱ्या चहाच्या बाबतीत पान मळलेही जात नाही आणि तापवून रोखलेही जात नाही. कळ्या आणि कोवळी पाने पातळ थरात पसरून साधारण दीड ते तीन दिवस कोमेजू दिली जातात आणि मग हळुवारपणे वाळवली जातात. कळीवरची रुपेरी लव तशीच राहते. तिच्यावरूनच ‘पांढरा’ हे नाव पडले.

या चहाचे मूळ घर चीनच्या फुजियान प्रांतातील फुदिंग आणि झेंगहे हे तालुके. केवळ कळ्यांपासून बनलेला तो ‘सिल्व्हर नीडल’, कळी आणि तिच्यालगतची एक-दोन पाने असलेला ‘व्हाइट पिओनी’ आणि अधिक वाढलेल्या पानांचा ‘शोउ मेई’ अशी त्याची उतरंड आहे. भारतात दार्जिलिंग, आसाम, निलगिरी आणि अरुणाचल प्रदेशातील काही बागा पांढरा चहा बनवतात. दार्जिलिंगच्या मकाईबारी बागेतील ‘सिल्व्हर टिप्स इम्पीरियल’ला २०१४ मध्ये किलोमागे १,८५० डॉलर भाव मिळाल्याने हा प्रकार वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आला. मात्र महाग ते सारे पांढरे, असे नव्हे. आसामच्या ‘मनोहारी गोल्ड’ला डिसेंबर २०२१ मध्ये गुवाहाटीच्या लिलावात किलोला ९९,९९९ रुपये मिळाले, तो सोनेरी कळ्यांचा काळ्या वर्गातील चहा होता.

किमतीचे कारण खुडणीत आहे. ओल्या पानात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. म्हणून एक किलो तयार चहासाठी चार किलोंहून अधिक ओली पाने लागतात. ती केवळ कळ्यांच्या रूपाने आणि हातानेच खुडायची, तर मजुरीचा भार किती वाढतो हे सहज ध्यानात येईल.

दुधाच्या चहाने घडलेली जीभ

पांढरा चहा आपल्याला फिका लागतो याला इतिहास आहे. भारतात पिकणारा चहा पूर्वी प्रामुख्याने परदेशी जाई. १९०३ च्या चहा उपकर कायद्यातून उभ्या राहिलेल्या निधीवर पुढे देशांतर्गत प्रचार सुरू झाला आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कारखाने, खाणी आणि कापड गिरण्यांत चहाचे ठेले उभे राहिले. पुढे १९३० च्या दशकात आसामात सीटीसी यंत्र आले. पान चिरडून, फाडून, गुंडाळून दाणेदार करणाऱ्या या पद्धतीने गडद, कडक आणि स्वस्त चहा मिळू लागला. दूध-साखरेला पुरून उरणारा चहा तो हाच. भिवंडीच्या टपरीवरील पातेल्यात उकळतो तोही हाच.

दुधातील प्रथिने चहातील तुरट द्रव्यांना बांधून टाकतात आणि साखर उरलेला कडूपणा झाकते. सीटीसी चहाला हे मानवते, कारण त्याच्यात झाकण्याजोगे पुष्कळ असते. पांढऱ्या चहात मुळातच तुरटपणा कमी आणि गंध नाजूक. त्यात दूध घातले तर उरते ते कोमट दूधच. म्हणून टपरीच्या चहाशी त्याची तुलना करणे दोघांवरही अन्याय करणारे आहे.

चाखण्याची रीत

व्यावसायिक चहापारखी तुलनेसाठी एक ठरलेली पद्धत वापरतात. १९८० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘आयएसओ ३१०३’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा घालून तो ६ मिनिटे मुरवायचा असतो. याच विषयावरील सहा पानी ब्रिटिश मानकाला १९९९ मध्ये विनोदी ‘इग नोबेल’ पुरस्कार मिळाला होता! विनोदाचा भाग सोडला तरी पद्धतीमागचा हेतू गंभीर आहे. एवढ्या कडक पाण्यात चहाचे दोष लपत नाहीत आणि प्रत्येक नमुना एकाच कसोटीला लागतो.

घरी आस्वाद घेण्यासाठी मात्र सौम्य मार्ग बरा. दीड ते दोनशे मिलिलिटर पाण्याला २ ते ३ ग्रॅम चहा, पाण्याचे तापमान ७५ ते ८५ अंश सेल्सिअस आणि वेळ तीन ते पाच मिनिटे. तापमापक नसल्यास तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधे पिण्याचे पाणी मिसळावे. तापमान ऐंशीच्या आसपास येते. मोजताना चमचा फसवतो. सीटीसीचा एक लहान चमचा दोन ग्रॅमला पुरतो, तर फुललेल्या रुपेरी कळ्या तेवढ्याच वजनासाठी मोठा चमचा भरून घ्याव्या लागतात. पहिल्यांदा चहा पाणचट लागण्याचे सर्वांत साधे कारण हेच असते. कूपनलिकेच्या जड पाण्यात नाजूक गंध दबतो, म्हणून गाळलेले नळाचे पाणी वापरावे.

आता प्रत्यक्ष परीक्षा. प्रथम कोरडे पान पांढऱ्या बशीत पसरून पाहावे. कळ्या अखंड, लव असलेल्या आणि एकसारख्या असाव्यात. चुरा आणि काड्या फार असतील तर भाव तसा नसावा. नंतर कोमट केलेल्या कपात पान टाकून, झाकून, क्षणभराने वास घ्यावा. चहा मुरल्यावर त्याचा रंग फिकट पिवळा ते फिका जर्दाळू असा दिसतो. घोट गरम असताना नव्हे, कोमट झाल्यावर घ्यावा. चटका बसलेल्या जिभेला सूक्ष्म चव कळत नाही.

घोट घेताना भुरका मारावा. बशीत ओतून भुरकणाऱ्या आजोबांना घरातील मुले हसतात खरी. पण जगभरचे चहापारखी नेमके तेच करतात. भुरक्याबरोबर आत गेलेली हवा चहाचा गंध घशामागून नाकापर्यंत पोहोचवते आणि ज्याला आपण ‘चव’ म्हणतो तिचा मोठा भाग हा गंधच असतो. जिभेला जाणवतो तो गोडवा आणि भरीवपणा बऱ्याच अंशी थियानिन या अमिनो आम्लाचा, तर तुरटपणा कॅटेचिन या द्रव्यांचा. गंधाला नाव देताना परदेशी शब्दांची गरज नाही. कोवळी काकडी, खरबूज, वाळलेले गवत, मध, भिजवलेले बदाम यांपैकी काय आठवते ते पाहावे. घोट गिळल्यावर घशात गोडवा किती वेळ रेंगाळतो, ही शेवटची कसोटी. त्याच पानावर दुसरे आणि तिसरे पाणी घालून पुन्हा चाखावे. चांगल्या पानाची चव दर वेळी थोडी बदलते, एकदम संपत नाही.

स्वाद येतो तीन वाटांनी

स्वादाचा चहा मराठी घराला नवा नाही. आले, वेलची, जायफळ आणि पावसाळ्यात गवती चहा ही आपली जुनीच मिश्रणे. गंमत अशी, की अन्न सुरक्षा नियमांत ‘चहा’ म्हणजे ‘कॅमेलिया सायनेन्सिस’चेच पान; नावात चहा मिरवणारी गवती चहाची पात वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने निव्वळ गवत आहे. तेव्हा पाकिटावर चहा लिहिले असले तरी आत चहाचे पान किती, हा प्रश्न रास्त ठरतो.

बाजारातील मिश्रणांत स्वाद तीन प्रकारे येतो. पहिली वाट मुरवण्याची. फुजियानमधील फूचौ येथील मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा चहा याचा उत्तम नमुना. रात्री उमलणाऱ्या कळ्या चहात मिसळून ठेवायच्या, सकाळी काढायच्या, चहा वाळवायचा आणि हे अनेक रात्री करायचे. उंची प्रतीच्या चहात फुले काढून टाकलेली असतात. त्यामुळे पाकिटातील सुंदर पाकळ्या हा दर्जाचा पुरावा नव्हे. दुसरी वाट मसाले, साली, फुले यांच्या प्रत्यक्ष मिश्रणाची. आपला मसाला चहा आणि काश्मिरी कहवा या गटातले. तिसरी वाट तेल किंवा अर्क फवारण्याची. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाचा ‘अर्ल ग्रे’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण.

तिसरी वाट वाईट आहे असे नाही. मात्र जुने, मरगळलेले पान दडवण्यासाठी तीच सर्वांत सोयीची असते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. मिश्रणाचे पहिले पाणी बाजूला ठेवून दुसरे पाणी चाखावे. फवारलेला अर्क बराचसा पहिल्याच पाण्यात उतरतो आणि खाली कोणते पान होते ते दुसऱ्या पाण्यात उघडे पडते. त्यात गोडवा आणि गंध असेल तर मिश्रण प्रामाणिक. नुसते पिवळे पाणी असेल तर पैसे अत्तराचे गेले असे समजावे. कप पूर्ण थंड करून चाखणे ही आणखी एक कसोटी. अतिरेकी अर्क थंड झाल्यावर साबणासारखा लागतो.

वेष्टनही बोलते. स्वाद घातला असल्यास तसा उल्लेख करणे बंधनकारक आहे आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. डबीवर मोठ्या अक्षरांत ‘व्हाइट टी’ असूनही यादीत जास्वंद, लिंबाची साल आणि सफरचंदाचे तुकडे यांच्यानंतर त्याचा क्रमांक लागत असेल, तर ग्राहकाने काय ते ओळखावे.

गोदाम, पावसाळा आणि वास

वाळलेले चहाचे पान हवेतील ओलावा आणि शेजारचा वास दोन्ही शोषते. ज्या गुणामुळे मोगऱ्याचा चहा बनतो, त्याच गुणामुळे साबणाच्या किंवा मसाल्याच्या खोक्यांशेजारी सैल बांधणीत राहिलेला चहा बिघडतो. उन्हाळ्यात पत्र्याखाली साचणारी उष्णता आणि कोकणपट्टीचा चार महिन्यांचा दमट पावसाळा या दोन्हींतून माल जात असेल, तर बांधणीला मोल येते. म्हणून आत चंदेरी आवरण असलेले, हवाबंद आणि अलीकडची बांधणीची तारीख असलेले पाकीटच निवडावे. चीनमध्ये पांढरा चहा वर्षानुवर्षे मुरवत ठेवण्याची प्रथा आहे. आपल्या दमट हवेत घरी तो प्रयोग करण्यापेक्षा लहान पाकीट आणून संपवणे शहाणपणाचे.

आरोग्याच्या दाव्यांबाबतही विवेक हवा. पांढऱ्या चहात कॅफीन नगण्य असते हा समज चुकीचा आहे. कोवळ्या कळीत ते भरपूर असते. तो वजन उतरवतो किंवा आजार बरे करतो, असे म्हणण्याइतका ठोस पुरावा नाही. शाकाहारी जेवणातील लोहाचे शोषण कोणत्याही चहाने घटते, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर राखणे बरे.

चाखताना हे ध्यानात ठेवा

● सुरुवात २५ ग्रॅमच्या, कोणताही स्वाद न घातलेल्या चहाने करावी.
● चाखण्यापूर्वी पान, मसालेदार पदार्थ, कांदा टाळावा. मध्ये साध्या पाण्याने चूळ भरावी.
● क्रम सौम्याकडून उग्राकडे : पांढरा, हिरवा, काळा आणि शेवटी स्वादाचे मिश्रण.
● दोन नमुने शेजारी ठेवून चाखावेत. एकट्या कपातून फरक उमगत नाही.
● रंगाची शंका आल्यास ओल्या टिपकागदावर थोडी पाने टाकावीत. काही वेळाने पाने काढल्यावर कागदावर रंगाचे डाग पसरलेले दिसले तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा.
● डबी मसाल्याच्या डब्यापासून दूर, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावी; फ्रिजमध्ये नको.
● उन्हाळ्यात लिटरभर थंड पाण्यात ५-६ ग्रॅम चहा रात्रभर फ्रिजमध्ये भिजत ठेवून, गाळून प्यावा. तुरटपणा जवळपास नसतो.