समान गुण, असमान माप

साखळी स्पर्धेचे तत्त्व वरकरणी अगदी सोपे असते. प्रत्येक संघाने इतरांशी खेळावे, विजयाचे आणि बरोबरीचे गुण मिळवावेत आणि हंगामाच्या अखेरीस ज्याचे गुण अधिक, तो श्रेष्ठ ठरावा. अडचण उभी राहते ती दोन संघांचे गुण समान झाले म्हणजे. विजेतेपद एकच असते, बाद फेरीतील जागा मोजक्या असतात आणि त्यांच्यामागून येणारा पैसा व प्रतिष्ठा वाटून घेता येत नाहीत. अशा वेळी ही कोंडी फोडणारा नियम म्हणजे निव्वळ हिशेबाची बाब, अशी सर्वसाधारण समजूत आहे. व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही.

स्कॉटलंडमधील हार्ट्स या एडिंबरोच्या संघाचे उदाहरण या संदर्भात फार बोलके आहे. १९६४-६५ च्या हंगामात हार्ट्स आणि किल्मार्नॉक या दोघांचेही ५० गुण झाले. त्या काळी निर्णय गोलसरासरीवर होत असे; म्हणजे चढवलेल्या गोलांना पत्करलेल्या गोलांनी भागले जाई. हार्ट्सने ९० गोल चढवून ४९ पत्करले होते, किल्मार्नॉकने ६२ चढवून ३३. भागाकार अनुक्रमे १.८४ आणि १.८८ आला आणि विजेतेपद किल्मार्नॉककडे गेले. वजाबाकी केली असती, तर हार्ट्सची आघाडी ४१ गोलांची आणि किल्मार्नॉकची केवळ २९ गोलांची होती. पुढे स्कॉटलंडने भागाकार सोडून वजाबाकीचा, म्हणजे गोलफरकाचा नियम स्वीकारला. १९८५-८६ मध्ये हार्ट्स आणि सेल्टिक यांचे पुन्हा प्रत्येकी ५० गुण झाले. या खेपेस सेल्टिकचा गोलफरक २९ आणि हार्ट्सचा २६ होता, म्हणून सेल्टिक विजेता ठरला. जुना भागाकार कायम असता, तर सेल्टिकची सरासरी १.७६ आणि हार्ट्सची १.७९ आली असती! नव्या नियमाने १९६५ चे, तर जुन्या नियमाने १९८६ चे विजेतेपद या संघाला मिळाले असते. प्रत्यक्षात दोन्ही वेळा त्याच्या वाट्याला उपविजेतेपदच आले.

हा केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देता येणार नाही. भागाकार आणि वजाबाकी ही एकाच गुणवत्तेची दोन मापे नसून ती दोन निरनिराळ्या गुणवत्तांची मापे आहेत. वजाबाकीत चढवलेला एक गोल आणि वाचवलेला एक गोल यांची किंमत सारखीच असते. भागाकारात तसे नसते. १९६५ च्या हार्ट्सने आणखी एक गोल चढवला असता, तर त्याची सरासरी सुमारे ०.०२ ने वाढली असती. एक गोल कमी पत्करला असता, तर जवळजवळ ०.०४ ने. म्हणजेच गोलसरासरी बचावाला दुप्पट मोल देत होती. इंग्लंडमध्ये १९२३-२४ साली हडर्सफील्ड (६० विरुद्ध ३३) आणि कार्डिफ (६१ विरुद्ध ३४) यांचा गोलफरक अगदी सारखा होता. हडर्सफील्डला विजेतेपद मिळाले ते ०.०२४ इतक्या सरासरीच्या आघाडीवर. अखेर १९७६-७७ पासून इंग्लंडनेही वजाबाकी स्वीकारली आणि आक्रमक खेळाच्या पारड्यात आपले वजन टाकले.

स्पेनने तिसराच मार्ग धरला. तेथे समान गुणांच्या संघांचे आपसांतील सामने प्रथम पाहिले जातात. २००६-०७ मध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांचे प्रत्येकी ७६ गुण झाले. बार्सिलोनाचा गोलफरक ४५, तर माद्रिदचा २६ होता. पण आपसांतील एक सामना माद्रिदने २-० असा जिंकला होता आणि दुसरा ३-३ असा बरोबरीत सुटला होता, एवढ्यावर माद्रिद विजेता ठरला. दुबळ्या संघावर गोलांचा वर्षाव करण्यापेक्षा तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याला नमवणे अधिक मोलाचे, असा या नियमाचा आशय आहे. मात्र त्यासाठी ३८ सामन्यांच्या परिश्रमापेक्षा दोन सामन्यांना अधिक महत्त्व द्यावे लागते.

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. तो खेळ निराळा असला तरी पेच तोच आहे. तेथे ३२ संघ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला १७ सामने येतात. साहजिकच प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळत नाही. तेव्हा आपसांतील लढतींनंतर समाईक प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, हरवलेल्या संघांचे सामर्थ्य, एकूण प्रतिस्पर्ध्यांचे सामर्थ्य अशा पायऱ्या ओलांडल्या जातात. एकूण गुणांतील निव्वळ फरक फार खाली येतो आणि शेवटची पायरी असते ती नाणेफेकीची.

एखादे माप मोबदल्याशी जोडले गेले, की माणसे त्या मापाकडे पाहूनच वागू लागतात, हा अर्थशास्त्रातील परिचित अनुभव येथेही येतो. १९८२ च्या विश्वचषक स्पर्धेत अल्जीरियाने आपले गटसामने आदल्या दिवशीच संपवले होते. पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियावर एक किंवा दोन गोलांनी विजय मिळवल्यास तिन्ही संघांचे गुण समान होऊन गोलफरकावर अल्जीरिया बाहेर पडेल, हे गिखॉनच्या मैदानावर उतरलेल्या दोन्ही संघांना ठाऊक होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला आणि उरलेला सर्व वेळ चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात गेला. कोणताही लिखित नियम मोडला गेला नाही. पुढील, १९८६ च्या स्पर्धेपासून गटातील अखेरचे सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत रेडर्स आणि चार्जर्स यांच्यापुढेही तोच मोह होता. सामना बरोबरीत सोडवला असता, तर पिट्सबर्ग स्टीलर्सला मागे टाकून दोघेही बाद फेरीत गेले असते. जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी रेडर्सने ३५-३२ असा विजय मिळवला आणि स्टीलर्स वाचले. पण एखाद्या संघाचे भवितव्य इतरांच्या सचोटीवर सोपवणारी व्यवस्था निर्दोष म्हणता येणार नाही.

सुदैवाने कधी कधी सर्व मापे एकच कौल देतात. २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचे साखळीअखेर प्रत्येकी ४० गुण झाले. आपसांतील दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते आणि तिचा गोलफरकही १७ विरुद्ध १३ असा सरस होता. त्यामुळे वादाला जागा उरली नाही. परंतु नियमांची कसोटी लागते ती मापे एकमेकांशी भांडू लागतात तेव्हा.

तेव्हा निःपक्षपाती नियम कोणता, हा प्रश्नच काहीसा चुकीचा आहे. बचाव, आक्रमण, तुल्यबळांवरील विजय यांपैकी कशाला प्राधान्य द्यायचे, हा मूल्यांचा निर्णय आहे आणि तो संयोजकांनी उघडपणे घेतला पाहिजे. तो हंगामापूर्वी जाहीर व्हावा, सर्वांना समजेल इतका सोपा असावा आणि अखेरच्या दिवशी कोणालाही दुसऱ्याचा निकाल पाहून आपला खेळ ठरवता येऊ नये, एवढी पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. ती पाळली गेल्यास हरणाऱ्या संघाला दुःख होईल; पण आपल्यावर अन्याय झाला, असे त्याला म्हणता येणार नाही.