ईश्वरावरील भरंवसा व जमाखर्च

वर्गणीच्या कामीं फिरतांना आम्हांस एक प्रश्न हटकून विचारण्यांत येतो : ख्रिस्ती सेवक ईश्वरावर भरंवसा ठेवून काम करितात म्हणे, मग त्यांस वर्गणीचें पुस्तक कशाला? प्रश्न व्यवहारी मनुष्याचा आहे. त्यास उडवाउडवीचें उत्तर देणें रास्त नव्हे.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण घ्यावें. दुष्काळांत आईबाप गमावणें म्हणजे काय, हें त्यांनीं स्वतः भोगिलें होतें. १८८९ सालीं मुंबईस काढलेल्या व पुढें पुण्यास आणलेल्या शारदासदनाचा खर्च अमेरिकेंतील मंडळीनें दहा वर्षांपुरता पत्करला होता, तोही थोड्या मुलींचा. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां ती मुदत भरत आली होती. अशा वेळीं हिशेबी मनुष्य दार लावून घेतो. आम्हीं तरी पक्षकारास तीच सल्ला दिली असती. बाई मध्यप्रांतांत गेल्या व तीनशें मुली वांचवावयाच्या असें त्यांनीं मनांत धरिलें. पुण्यांत प्लेगचे निर्बंध आडवे आले, तेव्हां मुलींस केडगांवच्या शेतावर नेलें. 'मुक्ति' ती हीच. १९०० सालच्या दुष्काळांत गुजराथेंतूनही मुली आल्या व वस्ती सुमारें दीड हजारांवर गेली.

आतां मौज अशी कीं, तें शेत बाईंनीं आधींच घेऊन ठेविलें होतें व त्यांत फळझाडें लाविलीं होतीं. परदेशची मदत थांबल्यावर उत्पन्न असावें हा हेतु. म्हणजे भरंवसा व तजवीज यांचें वैर नाहीं. ज्यांचा वृत्तांत वाचून बाईंस धीर आला, ते ब्रिस्टल येथील जॉर्ज म्युलर अनाथांसाठीं कोणापाशीं पैसा मागत नसत. पण जमाखर्च मात्र छापून प्रसिद्ध करीत. फरक इतकाच कीं, दारीं आलेलीं उपाशी माणसें किती घ्यावयाचीं, हें अशीं माणसें स्वतःच्या थैलीकडे पाहून ठरवीत नाहींत. आपल्या शक्तीवर विसंबणारा तिजोरी मोजून मग पाऊल टाकितो. ते आधीं पाऊल टाकितात, आणि मग एक एक दाणा मोजून वांटितात. येणारी मदत माणसांच्याच हातून येते, हें त्यांनीं कधीं नाकारिलें नाहीं.

आमचें मंडळ म्युलर यांच्या पायरीचें नव्हे. तें उघड मागतें. जमाखर्च पुढील पृष्ठांवर दिला आहे. तो वाचून ज्यांचें समाधान होईल त्या सावकार, जमीनदार व व्यापारी गृहस्थांनीं रोकड, धान्य अगर कडबा, जें बनेल तें पाठवावें. पावती मिळेल.