रविवारची सुट्टी आणि सोमवारी जखडलेला घोडा

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी. माझं 'अं... म्हणजे...' तेवढं गाळलंय.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं युरोप-अमेरिकेतलं एखादं शहर डोळ्यासमोर आणा. मालाच्या गाड्या ओढणारे धिप्पाड घोडे सोमवार ते शनिवार राबायचे. रविवारी सुट्टी, पण चंदी मात्र रोजच्याइतकीच. सोमवारी गाडीला जुंपलं की थोड्याच वेळात घोडा घामाघूम व्हायचा. मागचे पाय लाकडासारखे कडक, पाऊल उचलेना, लघवी कॉफीच्या रंगाची. याला नाव पडलं 'मंडे मॉर्निंग डिसीझ'. आपल्याला दर सोमवारी होतो तो वेगळा, बरं का!

लघवीचा रंग म्हणजे खरी धोक्याची घंटा. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडू लागतं. प्रमाण जास्त झालं तर मूत्रपिंडच निकामी होऊ शकतं. अशा घोड्याला 'नाटक करतोय' म्हणून चाबूक दाखवून चालवणं म्हणजे फुटलेल्या पेशींवर आणखी घाव.

असं होतं का, यावर 1930च्या दशकात स्वीडनच्या कार्लस्ट्रॉम यांनी एक सुटसुटीत उत्तर दिलं. आराम आणि धान्य यामुळे स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, जास्त जमते. काम सुरू झालं की तिचं भरमसाट लॅक्टिक अ‍ॅसिड होतं आणि ते स्नायू जाळतं. पटतं ना? पुष्कळ वर्षं सगळ्यांना पटलं. पण मोजमापं सुरू झाल्यावर हिशेब जुळेना. झटका यायचा तो साध्या चालीत किंवा हलक्या दुडकीत, जिथे लॅक्टिक अ‍ॅसिड फारसं तयारच होत नाही. उलट शर्यतीत सुसाट पळणाऱ्या घोड्याच्या रक्तात ते कितीतरी पटींनी वाढतं, आणि तो ठणठणीत असतो.

मग 1992 मध्ये स्टेफनी व्हालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वार्टर हॉर्स या अमेरिकन जातीच्या आजारी घोड्यांच्या स्नायूंचे तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासले. ग्लायकोजेन खरंच जास्त होतं, शिवाय साखरेचे विचित्र गोळेही. या आजाराला पीएसएसएम म्हणतात. साहजिक संशय असा, की साखर फोडणारं एखादं एंझाइम बिघडलं असणार. माणसातल्या मॅकआर्डल आजारात तसंच होतं. इथे मात्र ती सगळी एंझाइम्स व्यवस्थित निघाली.

आमच्या भाषेत सांगायचं तर सगळे 'रीड'मधला बग शोधत होते आणि तो होता 'राइट'मध्ये. 2008 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या टीमने तो पकडला. जीवायएस-1 या जनुकात डीएनएचं एकच अक्षर बदललेलं. हे जनुक ग्लायकोजेन बनवणारं एंझाइम तयार करतं, आणि बदलामुळे ते एंझाइम गरजेपेक्षा जास्त चालू राहतं. आई किंवा वडील, एकाकडूनच हा बदल आला तरी पुरतो. आज तो वीसहून जास्त जातींत सापडलाय. तपासणीसाठी आयाळीचे मुळासकट उपटलेले थोडे केस पुरतात.

मला सगळ्यात भारी वाटलेला भाग आता येतो. गोदाम खच्चून भरलेलं आणि तरीही स्नायू उपाशी! धान्य खाल्लं की इन्सुलिन वाढतं. इन्सुलिन साखरेला आत ढकलतं, हे एंझाइम आणखी चेकाळतं आणि त्याच वेळी अंगातली चरबी बाहेर पडायची थांबते. हळूहळू चालताना लागणारं मुख्य इंधन तर चरबीच. म्हणजे पेशी भरायच्या मोडमध्ये अडकते आणि कामाला इंधन मिळत नाही, असं संशोधकांचं स्पष्टीकरण आहे.

त्यामुळे उपायही सरळ निघतो. मक्यात जवळपास 70 टक्के स्टार्च असतो, ओटमध्ये साधारण 45. ते बंद. 500 किलोच्या घोड्याला दिवसाला साडेसात ते दहा किलो कमी साखरेचं वाळलेलं गवत, वर खनिजं, आणि गरजेनुसार तेल. ट्रेडमिलवरच्या प्रयोगांत अशा आहारावर रक्तातली चरबी वाढली आणि स्नायू फुटल्याची खूण, म्हणजे सीके एंझाइम, खाली आलं. पण नुसता आहार बदलून भागत नाही. रोज थोडी हालचाल हवीच, कारण साठा जळतो तो तिथे. झटका आलेला असताना सक्तीने चालवायचं नाही, पण बरं वाटल्यावर आठवडेच्या आठवडे तबेल्यात बांधून ठेवणंही चूक. मालक प्रेमापोटी नेमकं तेच करतात: विश्रांती आणि वर मूठभर जास्त चंदी.

असा बदल टिकला कसा? एक अंदाज असा, की दिवसभर ओढकाम आणि हलका चारा अशा आयुष्यात साखर जपून साठवणारा घोडा फायद्यात राहिला असेल. गडबड झाली ती चंदी वाढल्यावर आणि काम घटल्यावर.

आता तुम्ही विचाराल, आपल्या महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरच्या घोड्यांचं काय? ते थरोब्रेड. त्यांनाही असे झटके येतात, विशेषतः बुजऱ्या तरुण घोड्यांना, पण त्यांच्यात ग्लायकोजेन नॉर्मल निघतं आणि जीवायएस-1ची टेस्टही निगेटिव्ह. बाहेरून एरर मेसेज तोच, आतला बग वेगळा. तिथे संशय स्नायूंतल्या कॅल्शियमच्या ये-जा करण्यावर आहे, आणि ते डीबगिंग अजून चालू आहे.