कापसाचा ट्रक आणि विमान

मैत्रिणींनो, कापसाच्या गाठींचा ट्रक आपल्या जळगाव-धुळ्याला काही नवा नाही. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग धावपट्टीपलीकडे बीड रस्त्यावर अशाच ट्रकला धडकलं, पुढे विजेच्या तारांना लागून कोसळलं. ११८ पैकी ५५ जण गेले.

चूक कोणाची? चौकशीत ठपका वैमानिकांवर आला. विमान उशिरा उचललं, तेही चुकीच्या पद्धतीने. पण त्याच चौकशीने विमानतळ प्राधिकरणालाही धरलं. विमानाच्या वेळेला रस्त्यावरची वाहतूक आवरणं त्यांचं काम होतं. मला बाई हेच जास्त बोचतं. आमच्याकडे साधी पॅसेंजर यायची असली तरी फाटक पडतं, बैलगाडीसुद्धा थांबते. तो ट्रक मात्र त्या दुपारी कोणी थांबवला नाही.